विहीणबाईंच्या गोधड्या

करकंब,
२ सप्टेंबर २०२५

करकंबच्या पोरीनं सोलापुरात जाऊन दुसऱ्याच्या गोधड्या पिळून द्यायच्या, अन् हितं सख्ख्या आज्जीनं गुडघे धरत एकटीनं धुणं काढायचं, हे मला पटलेलं न्हाई. आधी एवढं वाच, मग बाकीचं.

चि. ऋतुजास अ. आ. फोन करत न्हाई म्हणून रुसू नको. अर्धं मला ऐकू येत न्हाई, अन् उरलेल्या अर्ध्यात मागनं तुझ्या आईची आई बोलती. म्हणून चौथीपातुरचं लिवणं बाहेर काढलंय. शेजारचा बिरुदेव आठवड्यातनं दोनदा सोलापूरला जातो, तो पत्र पोचवंल.

त्यानंच सांगितलं, तू पोलीस भरतीसाठी मनगट कमवतीस, अन् त्यापायी केराबाईंच्या ओल्या गोधड्या पिळतीस. वर विहीणबाई आळीभर सांगतात म्हणं, पोरीच्या मुठीत त्यांचंच बळ उतरलंय. त्यांचं बळ? तुझ्या आईच्या लग्नात त्यांना रुखवताचं एक ताट धड उचलवलं न्हवतं. मी उधळलेल्या म्हशीचं दावं एका हातानं धरलेली बाई हाय. मनगट कुटनं आलं ते मला इचार.

लोभ हायच, पण त्यात वाटेकरी नको.
सोजरा

सोलापूर,
६ सप्टेंबर २०२५

ती. आज्जीस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं, एकदा हसले. आता माझं ऐक. ग्राउंड, म्हणजे मैदानी चाचणी, सहा ऑक्टोबरला आहे आणि ही माझी शेवटची भरती, पुढच्या वेळी मी वयात बसत नाही. पळण्यात मी मागं नाही, गोळाफेकीत मात्र गोळा हातातून निसटतो. भरतीच्या क्लासमधल्या सरांच्या मते खांद्यात जोर आहे, मूठ कच्ची आहे.

म्हणून सकाळी जिन्याच्या पायरीच्या कडेला चवड्यांवर उभी राहून टाचा वर-खाली करते, पोटऱ्या भरून येतात. मग भरलेल्या दोन बादल्या घेऊन गच्चीवर फेऱ्या. मग ज्वारीच्या डब्यात हात खुपसून मूठ मिटायची, उघडायची. शेवटी ओलं जड कापड पिळायचं. घट बसायच्या आधी सगळं अंथरूण-पांघरूण धुवायचंच असतं, तेव्हा व्यायाम आणि काम एकदम होईल असं केराआज्जीचं म्हणणं. पण दिवसाला एकच गोधडी. दुसरीला ती हात लावू देत नाही, राखण करत बसते.

जळू नकोस गं. नात तुझीच आहे.

तुझी लाडकी आणि तुझ्याच बोलण्यानं वैतागलेली,
ऋतुजा

करकंब,
१० सप्टेंबर २०२५

मी जळत न्हाई. ज्वारी आपल्या रानातली, डबा तेवढा त्यांचा, अन् नाव कुणाचं व्हतंय ते बघ.

चि. ऋतुजास अ. आ. टाचा उचलायला जिना कशाला लागतो? शिंक्यावरचं दही काढताना माझं जन्मभर तेच चाललंय, सर न्हवता तरी. असो. बिरुदेवासंगं माझ्या चार गोधड्या पाठवल्यात. ह्या केराबाईंच्या पातळ वाकळा न्हाईत. नऊवारी लुगड्यांचे सात-सात थर हायत, भिजल्यावर एकीला दोन माणसं लागतात. चारी एका दिवसात धू अन् एकटीनं पीळ. गच्चीवर वाळत घाल, रस्त्याच्या बाजूनं. आळीला दिसू दे बळ कुणाच्या घरचं हाय. राखणीला कुणाला बसवू नको.

लोभ किती हाय ते गोधडी उचलल्यावर कळंल.
सोजरा

सोलापूर,
१५ सप्टेंबर २०२५

ती. आज्जीस सा. न. वि. वि.

डाव्या हातानं लिहितेय. केराआज्जी बाजारात गेली तेव्हा चारी पिळल्या. चौथीला मनगटात कळ आली, आता बांगडी चढत नाही एवढं सुजलंय. हाड शाबूत आहे, शीर ताणली आहे. डॉक्टरांनी पंधरा दिवस गोळा धरायला बंदी केली. ग्राउंडला त्यानंतर आठवडासुद्धा उरत नाही.

केराआज्जीला सांगितलंय की मोरीत घसरले. तुझं नाव घेतलं नाही. ती रोज शेकते आणि मोरीलाच शिव्या देते.

लोभ राहू दे. जास्त लिहवत नाही.
ऋतुजा

करकंब,
१७ सप्टेंबर २०२५

मोरीला शिव्या देऊ नका, तिचा काय दोष न्हाई.

विहीणबाई केराबाईंस सोजराचा नमस्कार वि. वि. पोर घसरलेली न्हाई. तुमच्यापेक्षा माझं नाव मोठं व्हावं म्हणून मी चार गोधड्या धाडल्या अन् एका दिवसात पिळायला लावल्या. ती खोटं बोलली ती माझ्यापायी, तिला रागावू नका. मला रागवा, पण लांबनं.

मी तितं येणार न्हाई. आले तर तुमच्या हातातनं तिचा हात ओढून मीच शेकत बसंन, माझा सोभाव मला म्हाईत हाय. पायाला काय झालं न्हाई, तवा टाचा उचलणं चालू ठेवा. उजव्या हातात तांब्यासुदीक देऊ नका. डॉक्टर हो म्हणंल त्या दिवशी हात किती चालवायचा ते तुमी ठरवा. तुमी तिला एका गोधडीवर थांबवत व्हता, ते बरोबर व्हतं. हे लिवताना माझा जीव लई जळतोय. त्याला इलाज न्हाई, जळू द्या.

लोभाचं भरती झाल्यावर बघू. ह्या पत्राचं उत्तर ऋतुजानं लिवायचं न्हाई, डाव्या हातानं बी न्हाई. तुमी लिवायचं. लिवता येत नसंल तर कुणाला तरी बसवून सांगा, पण सूज किती उतरली ते मला तुमच्याच तोंडचं पायजे.

सोजरा