वैजूची दाढ

११ जानेवारी १९९१, सावदा

आज पुन्हा! वैजू स्वतःच्याच गालावर बुक्क्या मारत होती. नऊ वर्षांची पोर — पण हात धरायला मी आणि माझा लोटन, बापलेक दोघं लागलो. चार दिवसांत दुधाशिवाय पोटात काही नाही. तिला बोलता येत नाही, सांगणार कसं?

लोटन म्हणाला, "नाना, माह्या पोरीचं वेड वाढू राह्यलं. गोळी वाढवा लागीन." सूनबाई लता चुलीपुढे डोळे पुसत बसली.

१३ जानेवारी

कमल असती तर... दोन वर्षं झाली तिला जाऊन.

सकाळी उन्हात ओट्यावर बसायची. नातीचं डोकं मांडीवर, बोटावर मीठ-तेल, आणि एकेक दात सावकाश चोळायची. वैजूला कुणी शिवलेलं खपत नसे, पण आजीचं बोट चालायचं! कमल काहीतरी गुणगुणायची. मी शेजारीच पेपर वाचत असायचो. काय गुणगुणायची, ते कधी नीट ऐकलंच नाही.

ती गेली. दहावं-तेरावं केलं, लुगडी वाटली. वैजूचे दात आता कोण घासणार, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. लताने ब्रश जवळ नेला की पोर किंचाळायची. मग सोडूनच दिलं.

१६ जानेवारी

दाढ आहे ती! वैजूने उन्हाकडे तोंड करून जांभई दिली आणि मला दिसलं — मागची दाढ काळीठिक्कर, हिरडी टरारून सुजलेली. जवळ गेलो तर वास.

पोर ठणक्याने गालाला मारत होती आणि आम्ही झोपेच्या गोळ्या देत होतो.

१८ जानेवारी

वैजूला घेऊन मी आणि लता जळगावला गेलो. पहिल्या डॉक्टरने लांबूनच हात वर केले. "चार माणसं आणा, धरून ठेवा. नाहीतर अशा मुलांचं आम्ही करत नाही." वैजू दारातच लोळली. बाकावरच्या एका बाईने सांगितलं, झांबरे डॉक्टरीण बाईंकडे जा, नवीन आहेत पण धीराच्या आहेत.

झांबरे बाईंनी दिवा विझवला आणि सरळ फरशीवर बसल्या. "नाना, हिला काय आवडतं?"

मी लताकडे पाहिलं. लता म्हणाली, "यष्टीचा आवाज."

सत्तावीस वर्षं एस.टी. चालवली मी. लाज सोडली आणि तिथेच तोंडाने गाडी सुरू केली — पहिला गिअर, दुसरा, घाट! वैजू थांबली. माझ्या ओठांकडे बघत राहिली. आ वासून! बाईंनी तेवढ्यात पाहून घेतलं.

म्हणाल्या, हे वेड नाही, ह्याला ऑटिझम म्हणतात. "दुखतं तिला आपल्यासारखंच. फक्त सांगता येत नाही." आधी सुजेवर औषध, मग भूल देऊन दाढ काढायची.

२९ जानेवारी

एक नाही, दोन दाढा निघाल्या. भुलीतून उठल्यावर तिने माझं बोट धरलं. आपणहून.

२ फेब्रुवारी

वैजूने भरीत-भाकरी खाल्ली! अर्धी भाकरी! हात मांडीवर शांत. लोटनने तिच्या ताटात आणखी भरीत वाढलं. "मी तिले मारलं बी व्हतं, नाना." एवढंच बोलला आणि बाहेर गेला.

२० फेब्रुवारी

दात घासायचं आता माझ्याकडे. कमलसारखं डोकं मांडीवर घेतो, पण गुणगुणणं कुठून आणू? मी गाडी काढतो. खालचे उजवे दात — जळगाव ते नशिराबाद. समोरचे — भुसावळ. मग बामणोद, फैजपूर, सावदा. मधेच तापीचा पूल, दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, सगळं डोळ्यांपुढून जातं. शेवटच्या फेरीला कमल स्टँडवर डबा घेऊन उभी असायची, डोक्यावर पदर, आणि मी उतरायच्या आत म्हणायची, "आज उशीर केला." रोज हेच म्हणायची.

९ मार्च

आज घाईत बामणोद विसरलो. वैजूने माझं मनगट धरून ब्रश मागे नेला. बामणोद घेतल्याशिवाय सोडलं नाही! लता इतकी हसली. ह्या घरात किती दिवसांनी कुणी असं हसलं.

२६ मार्च

मागच्या सोमवारी वैजूला दाखवायला नेलं होतं. तिने तोंड उघडावं म्हणून आधी मीच उघडलं. बाईंचं लक्ष माझ्या गालात गेलं, मी तंबाखू धरतो त्या जागी. तुकडा काढून तपासायला पाठवला. काल रिपोर्ट आला. वाईट आहे.

आज सकाळी ब्रश लताच्या हातात दिला, मी नुसता शेजारी बसलो. वैजूने दोनदा हात झटकला. तिसऱ्यांदा तोंड उघडलं. रोज असंच करायचं, मी आहे तोवर.

लताने विचारलं, "नाना, आजच काहून?" हात दुखतो म्हणालो.