माल-सुनचं ‘हो’

सांग्जू, ६ एप्रिल

ती. ताईस,
माल-सुनचा उभ्यानेच सा. न. (गुडघे वाकत नाहीत, रागावू नकोस.) वि. वि. तुझं पत्र पोचलं. दहा जूनला खुब्याचं ऑपरेशन, आणि त्यानंतर लांबचा विमानप्रवास कायमचा बंद, हे वाचलं नि उकळत्या रश्शाखालचा गॅस बंद करून सरळ लेकीला, से-यनला फोन लावला. पन्नास वर्षांत तू चार वेळा कोरियात आलीस, मी जर्मनीत एकदाही परत आले नाही. आता येणार.

पण ऐक गंमत. कोरियन पासपोर्टला व्हिसा लागत नाही, तरी युरोपात पाऊल टाकण्याआधी आता परवानगी मागावी लागते, असा नवा नियम आलाय. मोबाइलवर फॉर्म भरायचा. सत्तरीपुढच्यांना फी माफ, फॉर्म मात्र माफ नाही! रविवारी लेक आली आणि भरायला बसली. आईबापांची नावं, शिक्षण, धंदा, सगळं हवंय त्यांना. धंद्याच्या रकान्यात तिनं गृहिणी टाकलं. मी म्हटलं, खोड ते आणि नर्स लिही. चार वर्षं त्यांच्याच म्हाताऱ्यांचं हगणं-मुतणं काढलंय मी.

मग प्रश्न आला, कुठल्या युरोपी देशानं तुम्हाला निघून जायला सांगितलं होतं का? पोरीनं ‘नाही’वर बोट न्यायला सुरुवात केली. म्हणाली, फक्त गेल्या दहा वर्षांचं विचारलंय, तुझी गोष्ट पन्नास वर्षांपूर्वीची. मी फोन हिसकावला आणि ‘हो’ दाबलं. ती डोक्याला हात लावून बसली, आई, आता घोळ होणार म्हणाली. मी म्हटलं, होऊ दे. त्यांना विचारायचं नसेल, पण मला सांगायचंय.

फॉर्म गेला. बेर्न्ट भाऊजींना नमस्कार. लोभ आहेच, तेवढाच एक रकाना त्यांनी ठेवलेला नाही.

तुझी धाकटी,
माल-सुन


डॉर्टमुंड, १९ एप्रिल

चि. माल-सुन हिस,
अ. आ., आणि आशीर्वादांहून जास्त शिव्या. चौऱ्याहत्तरी आली, खोड गेली नाही. मास्तरांनी छडी उगारली की हात मागे घ्यायचा, एवढं साधं तुला पहिलीतही जमलं नव्हतं. बेर्न्टला सांगितलं तर तो हसायला लागला; त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही.

आज एक लिहिते, आजवर लिहिलं नाही ते. इथली कामं आटली आणि आपल्याला, कोरियन नर्सांना, करार संपला, घरी जा असं सांगू लागले, तेव्हा तू बाजारचौकात टेबल टाकून सह्या गोळा करत होतीस. हवं तेव्हा बोलवायला नि नको तेव्हा परत धाडायला आम्ही माल नाही, असं पुठ्ठ्यावर लिहिलं होतंस. मी समोर ट्रामच्या थांब्यावर पाठ फिरवून उभी होते. माझंही नाव कुणाच्या नजरेत येईल, ही भीती. तुझी मुदत शरदातच संपली. पुढच्या वर्षी तुमच्या सह्यांच्या रेट्यानं नियम सैल झाला, उरलेल्या राहिल्या. त्यांत मी. पुढे लग्न, घर, सगळं इथेच झालं.

म्हणून हात जोडून सांगते, चूक झाली असं त्यांना कळव आणि ते ‘हो’ मागे घे. तुझा ताठा मला काय करायचाय? मला तू हवीस.

पत्राची नाही, तुझीच वाट पाहणारी,
ताई


सांग्जू, ११ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि. व्हायचं तेच झालं. खुलासा द्या, कागद जोडा, दहा दिवसांत, असं त्यांनी कळवलं. से-यननं माफीचा मसुदा केला, इतका गोड की मुंग्या लागाव्यात. मी सांगितलं, हा कुत्र्याला वाचून दाखव.

महिनाअखेर देश सोडावा, हा त्या वेळचा कागद मी टाकला नव्हता. तो जोडला. खाली जर्मनमध्ये माझ्या हातानं लिहिलं, शब्दकोश उशाशी घेऊन. लिहिलं की मी गुन्हा केला नव्हता, अकराशे सह्या गोळा केल्या होत्या. बहिणीचं ऑपरेशन आहे, रुग्णाला कुशीवर कसं वळवायचं ते मला येतं, आणि मी येणार आहे. से-यन म्हणाली, शेवटचं वाक्य धमकीसारखं वाटतं. मी म्हटलं, धमकी कसली, माहिती आहे ती. नाही म्हणाले तर अपील करता येतं म्हणे. तेही करीन.

आणि ताई, तू थांब्यावर होतीस ते मला तेव्हाच दिसलं होतं. तुझा निळा कोट लांबून ओळखू यायचा. तीन तास ट्रामा येत होत्या, जात होत्या, आणि तू एकीतही चढली नाहीस.

राग नाही. नव्हताही.
माल-सुन


डॉर्टमुंड, ११ जुलै

चि. से-यन हिस,
मावशीचे अ. आ. तुझी आई पत्र लिहीत नाही म्हणून तू रुसलीस असं कळलं. तिला सवड नाही, म्हणून मी लिहिते.

परवानगी एका ओळीची आली. तिनं जोडलेल्या जुन्या कागदाबद्दल अवाक्षरही नाही, म्हणून ही बया त्यावरही चिडली होती! विमानतळावर अधिकाऱ्यानं किती दिवस राहणार विचारलं, तर आपल्या गंजलेल्या जर्मनमध्ये म्हणाली, गेल्या खेपेला तुम्ही ठरवलंत, या खेपेला मी ठरवणार. मात्र तुमच्या नियमातल्या नव्वद दिवसांच्या आतच. त्यानं पुन्हा म्हणायला लावलं. तिनं आणखी मोठ्यानं म्हटलं. मागची रांग हसली, तोही हसला.

ऑपरेशन नीट झालं. वॉर्डातल्या तरुण नर्सला तिनं पहिल्याच दिवशी बाजूला सारलं आणि मला कुशीवर वळवून दाखवलं. दुसऱ्या दिवशी ती पोरगी दोन मैत्रिणींना घेऊन शिकायला आली.

आता मुख्य. गेल्या रविवारी बेर्न्टची बहीण आणि तिची मुलं जेवायला आली. नणंदेनं तुझ्या आईला मायेनं विचारलं, इथली थंडी आता सोसते ना? तिची चूक नाही. माझी बहीण थंडी सोसेना म्हणून परत गेली, हे पन्नास वर्षं मीच सगळ्यांना सांगत आले होते. तुझ्या आईनं चमचा खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. 

मी वॉकर धरून उठले. सांगितलं की ती गेली नव्हती, तिला घालवली होती. मी इथे राहिले ती हिनं गोळा केलेल्या सह्यांमुळे, आणि मी त्या टेबलापाशी गेलेसुद्धा नव्हते. कुणी घास उचलेना. बेर्न्टही माझ्याकडे बघत राहिला, त्यालाही हे ठाऊक नव्हतं.

शेवटी तुझी आईच म्हणाली, बस आता खाली, टाके उसवतील. आणि माझ्या ताटात बटाटे वाढले.

तिचं तिकीट ऑगस्टच्या शेवटच्या दिवसाचं आहे. तिकडच्या तिच्या बागेच्या कामाचं निमित्त काढून लवकर बोलावू नकोस. ती ऐकणार नाही, आणि या वेळी मीही तिला जाऊ देणार नाही.

तुझी मावशी,
ओक-बुन