तीन हिरव्या पेडलांची व्यवस्था

मी, खाली सही करणार, वय वर्षे छप्पन्न, व्यवसाय जुन्या पोथ्यांचे पाठभेद नोंदवणे, व्यसन इलेक्ट्रिक गिटार, हे मृत्युपत्र स्वखुशीने व पूर्ण शुद्धीत लिहून ठेवतो. शुद्धीबद्दल डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. पत्नीचे मत निराळे असल्याने जोडलेले नाही. येत्या शुक्रवारी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. सर्जन म्हणाले, "काही होत नाही हो," आणि लगेच तीन कागदांवर सह्या घेतल्या. म्हणून हा चौथा.

कलम १. राहते घर व बँकेतील शिल्लक पत्नीस. घर आजही तिच्याच हुकमतीत आहे. हे कलम केवळ वस्तुस्थितीची नोंद समजावे.

कलम २. पुस्तके ग्रंथालयास. कोशाचा तिसरा खंड शेजारच्या प्राध्यापकांनी सहा वर्षांपूर्वी "दोनच दिवस" म्हणून नेला आहे. तो परत मागू नये. मी गेल्यावर तरी त्यांना तो उघडताना संकोच वाटेल, अशी आशा आहे.

कलम ३. गिटार, अॅम्प्लिफायर, सोल्डरिंगचे सामान व कलम ४ सोडून उरलेले सर्व काही मुलीस. तिला वाजवता येत नाही, पण "बाबा, आता पुरे" असे ती एकदाही म्हणाली नाही.

कलम ४. ओव्हरड्राइव्ह पेडल ही पायाने दाबायची धातूची डबी; गिटारचा स्वर तिच्यातून गेला की थोडा खरखरीत व भरदार होतो. माझ्याकडे एकाच पेडलाच्या तीन आवृत्त्या आहेत, तिन्ही हिरव्या. 'क' मूळची, 'ख' दोन वर्षांनी सुधारलेली, आणि 'ग' फार पुढे, जुन्या नावावर काढलेली नवी.

नऊ वर्षांपूर्वी मी धाकट्या भावाच्या डोळ्यांना पट्टी बांधून त्याला तिन्ही ऐकवल्या आणि मूळची कोणती ते विचारले. भाऊ दातांच्या कवळ्या बनवतो आणि माझ्याहून चांगली गिटार वाजवतो. दुसरी बाब मी प्रथमच लेखी देत आहे. मी तीनदा क्रम बदलला. तीनदा त्याने 'ग' वाजताच हात वर केला.

"हीच जुनी. दादा, पैज लाव."

"ही 'ग' आहे! तुझा कान म्हणजे कपाचा कान. धरायला ठीक, ऐकायला नाही."

हे मी त्याच्या बायकोदेखत बोललो. वर संगीताच्या मासिकात तिन्ही आवृत्त्यांच्या तुलनेवर बारा पानांचा लेख लिहिला आणि सातव्या तळटीपेत त्याचा "एक असंस्कृत श्रोता" असा उल्लेख केला. तेव्हापासून तो या घरी आलेला नाही.

चार महिन्यांनी मी 'ग'ची डबी उघडली. परीक्षेच्या आदल्या दिवशी मी तिन्ही पेडले एकदम खोलून साफ केली होती, आणि जोडताना 'क'चे अंतरंग 'ग'च्या डबीत बसवले होते. चुकीच्या बासनात बांधलेल्या पोथ्या हुडकण्याचा पगार घेणाऱ्या माणसाने! भावाचा कान बरोबर होता. मी स्क्रू पुन्हा आवळले आणि गप्प बसलो.

सबब 'ग'ची डबी, आतल्या 'क'च्या मूळ अंतरंगासह, धाकट्या भावास द्यावी व हे कलम त्याला मोठ्याने वाचून दाखवावे. त्या प्रसंगी मी हजर नसेन, ही या दस्तऐवजाची मुख्य सोय होय.

येथवर पत्नीने वाचले.

"अहो, म्हणजे मेल्यावर माफी मागणार?"

"माफी नाही, कलम आहे."

"कलम ठेवा बाजूला. फोन लावलाय, बोला."

तासाभरात भाऊ आला. बाहीला कवळ्यांचे प्लास्टर तसेच होते. त्याने कलम दोनदा वाचले.

"म्हणजे मी तीनदा बरोबर होतो."

"तीनदा."

"आणि तुला आठ वर्षं आठ महिने माहीत होतं."

"हो."

"आणि ती तळटीप?"

"चूक. माझी." हे मी हयातीत, पत्नीदेखत बोललो. भावाने कागद टेबलावर ठेवला. मग म्हणाला, "वहिनी, चहा टाक."

साक्षीदार म्हणून वरच्या मजल्यावरच्या वकीलबाईंना बोलावले होते. दुसरा साक्षीदार हवा होता. भाऊ पुढे सरकला.

"तुम्ही नको," वकीलबाई म्हणाल्या. "साक्षीदार झालात तर तुम्हाला ती डबी मिळणार नाही."

"नको मिळू दे. डबी काय, कुठेतरी सापडेल. दादा चुकला असं दादाच्या अक्षरात कुठे मिळणार? पेन द्या."

कलम ५. सबब कलम ४ मधील देणगी रद्द, कबुली कायम. 'ग' आता मुलीकडे जाईल. तिने ती काकाला द्यावी, ही अपेक्षा मृत्युपत्रात लिहू नये असे वकीलबाईंचे मत पडले. म्हणून लिहीत नाही.

स्थळ: स्वयंपाकघरातील टेबल. दिनांक: बारा, बुधवार, दुपार.

मृत्युपत्र करणार: (सही)

साक्षीदार:
१. वरच्या मजल्यावरील वकीलबाई (सही)
२. धाकटा भाऊ (सही, माझ्या सहीच्या दुप्पट, आणि खाली दोन रेघा)