बाटली कुणाची

मंगळवार, ४ फेब्रुवारी
टीसडेलच्या खोलीत व्होडकाची बाटली सापडली! माजी सैनिकांच्या या कोर्टात ठरलेला काळ दारूविना काढला की खटला रद्द होतो; त्याचे दोनच महिने उरले, आणि आता हे. व्यसनमुक्तीच्या घरात दारू म्हणजे अट मोडली. पुढच्या मंगळवारी न्यायाधीशबाई ठरवतील — तुरुंग की आणखी एक संधी. मी त्याचा सोबती, कोर्टानं नेमलेला, बिनपगारी; मीही जुना सैनिक, पण मरीन दलातला, तो आर्मीतला. वकील नाही, खबऱ्याही नाही. त्यानं सांगितलेलं माझ्यापाशीच राहतं.

गुरुवार, ६
टीसडेलला माझ्या टायरच्या दुकानात बोलावलं. टायर बदलताना माणूस बरा बोलतो. सहज विचारलं, "कुठली होती रे?"
"व्हिस्की."
व्हिस्की! म्हणजे यानं बाटली पाहिलेलीसुद्धा नाही. खोलीत दुसरी खाट व्हिटकॉमची. तोही याच कोर्टातला.
"त्याची ना?"
पाना फिरवत म्हणाला, "तुम्ही मरीनवाले सांगत असाल आपल्या माणसाचं नाव. आम्ही आर्मीवाले नाही सांगत!"
"लेका, तू त्याला वाचवत नाहीयेस. पुढचा पेला भरून देतोयस."
पाना आपटून गेला. नट अर्धेच आवळलेले!

शनिवार, ८
दोघांनाही कोंबडीचे पंख खायला नेलं. बाटलीचं नाव काढलं नाही. टीसडेलला एवढंच विचारलं, "आत गेलास तर रविवारी लेकीला कोण भेटणार?"
"कोणी नाही."
व्हिटकॉमचा हात ताटातच थांबला. मी आणखी एक प्लेट मागवली आणि हवेपाण्याच्या गप्पा सुरू केल्या.

सोमवार, १०
दोघांचाही फोन नाही. नुसता बर्फ.

मंगळवार, ११
जिंकलो!! टीसडेल ताठ उभा, हात पाठीमागे. मी शेजारी. "बाटली माझी, बाईसाहेब." — तोच मागच्या बाकावरून, "खोटं बोलतोय! माझी आहे!" व्हिटकॉम! उठून थेट पुढेच आला.
बाईंनी दोघांना नीट पाहून घेतलं. "टीसडेल, माझ्याशी खोटं बोललास. आठवडाभर कोर्टाच्या पायऱ्यांवरचा बर्फ उपस. व्हिटकॉम, उद्याच दवाखान्यात भरती. तुरुंग कुणालाच नाही."
टाळ्या! या कोर्टात टाळ्यांची रीतच आहे, पण आज दारावरचा पोलीसही वाजवत होता.
बाहेर आल्यावर टीसडेल म्हणतो, "मरीनवाले पक्के लबाड!"
"आर्मीवाल्यांना उशिराच कळतं."

मंगळवार, ८ एप्रिल
टीसडेलचा खटला रद्द. आज व्हिटकॉमला सोबती नेमायचा होता. बाईंनी माझ्याकडे हात केला.
व्हिटकॉम म्हणाला, "हे म्हातारे नकोत, बाईसाहेब. टीसडेल द्या."