नंबर माझाच राहणार

१ जून, सोमवार
राजीनामा दिला. खंडाळ्याच्या एकाच हॉटेलात सव्वीस वर्षं बुकिंग सांभाळलं. आज सकाळी शेठच्या सूनबाई, यशोधरा मॅडम, मला म्हणतात, काका, उद्यापासून शर्टावर नावाचा बिल्ला लावायचा, गेस्टना नाव कळलं पाहिजे. मला! ज्याचा मोबाइल नंबर अर्ध्या महाराष्ट्राला पाठ आहे! तिथल्या तिथे कागद मागितला आणि लिहून दिलं. सही एका दमात केली. दोनदा गिरवावी लागली, पण पेन खराब होतं.
घरी नजमाला सांगितलं. ती म्हणाली, बिल्ल्याला पिन होती की चुंबक? तत्त्वाचा प्रश्न बायकोला समजावणं अवघड.
ठराव: शेठ स्वतः फोन करेपर्यंत त्या फाटकात पाऊल टाकायचं नाही. माझा अंदाज, गुरुवार.

२ जून
फोन आला, पण मॅडमचा. म्हणाल्या, काका, तुमचा नंबर कंपनीच्या नावावर आहे. तुम्हाला हवा असेल तर ना-हरकत पत्र तयार करून ठेवलंय, तीस तारखेच्या आत येऊन घेऊन जा. नाहीतर तो आमच्याकडेच राहील, रिसेप्शनला लावू.
हा नंबर मी स्वतः घेतलेला आहे. तेव्हा लोणावळ्याच्या बाजारात रांगेत दोन तास उभा होतो. पुढे बिल कंपनी भरते म्हणून कंपनीच्या नावावर केला, एवढंच.
चाल लक्षात आली. पत्राच्या निमित्ताने बोलावायचं, चहा पाजायचा, मग शेठना पुढे करायचं. मी म्हटलं, बघू.

४ जून, गुरुवार
शेठचा फोन नाही. घाटात रेंजचा प्रॉब्लेम असतो.

७ जून, रविवार
सकाळपासून एकवीस फोन. एकवीस! मी नजमाला म्हटलं, बघ, लोक हॉटेलला नाही, मला फोन करतात.
प्रत्येकाला शांतपणे सांगितलं की मी आता तिथे नाही. सोलापूरचे एक वकीलसाहेब, चौदा वर्षं येतात, त्यांना तर धक्काच बसला. मग म्हणाले, अरेरे. बरं, मग डबल बेडच्या खोलीचं कुणाशी बोलू?
बिचारे. काय बोलावं सुचलं नसणार.
त्यांचं बुकिंग करून दिलं. बाकीच्यांचंही केलं. रिसेप्शनला फोन करून नावं कळवली. तिथे कोणी नवीन मुलगी आहे. थँक्यू सर म्हणाली.

८ जून
अबरारशी बोलणं झालं. मुलगा तळेगावच्या कंपनीत क्वालिटीला आहे, त्यामुळे घरातही सगळं तपासत असतो. म्हणाला, अब्बा, बँक, आधार, गॅस, सगळं त्याच नंबरला जोडलंय. पत्र, आधारची झेरॉक्स, एक फोटो. वीस मिनिटांचं काम आहे, मी येतो बरोबर.
मी म्हटलं, प्रश्न वीस मिनिटांचा नाही.
तो म्हणाला, मग कितीचा आहे?
नोकरी करणाऱ्याला या गोष्टी कळायला वय जावं लागतं.

१३ जून, शनिवार
मोठी योजना सुचली. स्वतःचा धंदा! खंडाळा-लोणावळ्यात भाड्याने जाणारे बंगले शेकड्याने आहेत. गेस्ट माझ्या फोनमध्ये आहेत. बंगले तेवढे मिळवायचे राहिलेत.
दुपारी पिंपरीहून एका गृहस्थांचा फोन, भुशी धरणाला पाणी आलं का? मी म्हटलं, पायऱ्यांवरून धो धो वाहतंय, या. इतक्या वर्षांचा अनुभव आहे, जाऊन बघायची गरज नसते.

१४ जून
पिंपरीच्या गृहस्थांचा पुन्हा फोन. म्हणाले, पायऱ्यांवर शेळ्या बसल्यात. त्यांची मुलं रडत होती, आवाज येत होता. बोलणं जरा अतिच झालं त्यांचं.
पाऊस यंदा उशिरा आहे, यात माझा काय दोष?

१८ जून
व्हिजिटिंग कार्डं आली. पाचशे. जाड कागद, कडेला सोनेरी रेघ. ‘अल्लाबक्ष शेख, खंडाळा-लोणावळा बंगले बुकिंग’, आणि खाली ठळक अक्षरात नंबर. नजमाने विचारलं, नंबर नावावर झाला का? मी म्हटलं, झाल्यातच जमा.
पहिलं कार्ड समोरच्या महिपतीआबांना दिलं. आबांनी उलटंसुलटं करून बघितलं. म्हणाले, “मला कशापाई? तू तर हितंच ऱ्हातो. हाक मारली तरी ऐकू येतंय.”
मी त्यांना नंबराचं सगळं प्रकरण सांगितलं. शेवटी म्हणाले, “मंग जाऊन आन की कागुद. ती बाई द्याया तयार हाय, तू घ्याया तयार हाय. अडलंय कुटं?”
मी म्हटलं, आबा, मान नावाची चीज असते.
“व्हय,” आबा म्हणाले. “लय असती.” आणि कार्डाने कान कोरायला लागले.

२३ जून
बंगलेवाल्यांना फोन केले. सहा जणांना. चौघांनी विचारलं, कोण अल्लाबक्ष? हॉटेलचं नाव सांगितल्यावर पटकन ओळखलं. म्हणजे ओळख आहेच.

२६ जून, शुक्रवार
मॅडमचा दुसरा फोन. म्हणाल्या, काका, चारच दिवस राहिलेत, पत्र कुणाबरोबर पाठवू का? अबरारच्या पत्त्यावर कुरिअर करू?
इतकी अजीजी! आतून हलले आहेत. एका आठवड्यात शेठ बोलणार, नक्की. मी म्हटलं, घाई नाही.
नजमा सगळं ऐकत होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, अहो, पत्र आणायचंय की वरात यायची वाट बघताय?

२९ जून
अबरार बाइकची किल्ली घेऊन दारात उभा. म्हणाला, मी आणतो, तुम्ही घरी बसा. मी साफ नाही म्हटलं. बापाची लढाई मुलाने लढायची नसते. तो म्हणाला, अब्बा, समोर कुणी नाहीये लढायला.
रात्री जेवताना आयरा, माझी नात, एकटीच बडबडत होती.

३० जून, मंगळवार
निर्णय बदलला. मोठ्या माणसाने कधीकधी एक पाऊल पुढे टाकावं. इस्त्रीचा शर्ट घातला, घराजवळच्या घोरावाडी स्टेशनवरून दुपारची लोकल धरली, लोणावळ्याला उतरलो. फलाटावर बाकावर बसलो. इथे रेंज फुल्ल असते. म्हटलं, शेवटच्या दिवशी शेठ फोन करणारच, मग इथून दहा मिनिटांत पोचू. आपणहून गेलो असं दिसायला नको.
दोन चहा झाले. पावणेपाचला हॉटेलचा वॉचमन निलेश दिसला, ड्यूटी संपवून घरी निघालेला. मी सहज विचारलं, शेठ कसे आहेत? तो म्हणाला, तुम्हाला माहीत नाही? शेठ तीन तारखेलाच मुलीकडे कॅनडाला गेले, दिवाळीनंतर येतील. गाडीत बसताना म्हणाले, अल्लाबक्ष दिसत नाही, सुट्टीवर आहे का?
म्हणजे त्यांना कुणी सांगितलंच नाही! सांगितलं असतं तर विमान सोडून आले असते.
निलेश म्हणाला, मॅडम सहापर्यंत आहेत ऑफिसात, पत्र टेबलावरच आहे, रिक्षा करून देऊ का?
मी म्हटलं, नको, मी दुसऱ्या कामाने आलोय.
पाचची लोकल लगेच मिळाली. बसायलाही जागा मिळाली.

१ जुलै
फोनवर ‘नो सर्व्हिस’. टॉवरचं काम चालू असणार.

२ जुलै
टॉवर ठीक आहे. नजमाच्या फोनला पाचही काड्या आहेत.
अबरारने काही न बोलता नवीन सिम आणून दिलं. चांगला मुलगा आहे. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.
दिवसभर नव्या नंबरावर एक फोन आला. कर्ज हवंय का म्हणून.

४ जुलै, शनिवार
गॅस संपला. बुकिंगचा ओटीपी जुन्या नंबरावर गेला, म्हणजे खंडाळ्याच्या रिसेप्शनवर. नजमाच्या फोनवरून माझा स्वतःचा नंबर लावला. अंगठ्याने न बघता लागला.
तीच नवीन मुलगी. चैताली नाव. मी म्हटलं, आत्ता एक सहा आकडी मेसेज आला असेल, तेवढा वाचून दाखवा. ती अदबीने म्हणाली, “सॉरी सर, ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, असं मेसेजमध्येच लिहिलंय.”
मी म्हटलं, अहो, तो माझाच आहे.
“सगळे असंच म्हणतात सर.”
आणि फोन ठेवला. मुलगी हुशार आहे, हे मान्य करायला हवं.
अबरार एजन्सीत जाऊन नंबर बदलून आला. वीसऐवजी दहाच मिनिटं लागली. नजमाने तोवर आबांकडच्या चुलीवर भाकरी केल्या. आबांनी त्यावर काही टोमणा मारला नाही. तेही वाईटच वाटलं.

६ जुलै, सोमवार
ठरवलं, त्या मुलीला आपण कोण ते नीट सांगायचं. अकरा वाजता फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला. सव्वीस वर्षांत मी कधी दुसऱ्या रिंगच्या आत उचलला नव्हता.
मी म्हटलं, अल्लाबक्ष बोलतोय.
“अलिबागहून का सर? बोला ना. किती जण आहात?”
मागे कुणीतरी हसत होतं, कपबश्या वाजत होत्या, बेल झाली. माझ्या टेबलाजवळची खिडकी उघडी असावी, वाऱ्याचा आवाज येत होता. सगळं व्यवस्थित चाललं होतं. मी सांगणार होतो, शपथेवर सांगणार होतो. तोंडातून निघालं, दोघं.
“शनिवारी दरीकडची खोली रिकामी आहे सर. देऊ का?”
म्हटलं, द्या.
“आधी कधी राहिलाय का आमच्याकडे?”
विचार केला. एक रात्रसुद्धा नाही. नजमा तर फाटकाच्या आतही कधी आली नाही. नाही म्हणालो.
“मग कसं यायचं ते सांगते, लिहून घेता का?”
पेन घेतलं आणि लिहून घेतलं. स्टेशनवरून बाहेर पडायचं, घाटाच्या रस्त्याला लागायचं, पेट्रोल पंपाच्या अलीकडे डावीकडे वळायचं. तिकडून नवा रस्ता झालाय म्हणे, गर्दी लागत नाही.
तो रस्ता मला माहीत नव्हता.