झाकलेली परात

आई, आज प्रयोगशाळेच्या गच्चीवर माझ्या वर्गातल्या पोरींनी निळ्या पाण्याच्या थाळ्या उन्हात मांडल्या आणि मला दिग्रसचं आपलं स्वयंपाकघर आठवलं. कापसाला भाव नव्हता ती वर्षं. नवं लुगडं कुणाला परवडेना, म्हणून बाया जुनीच लुगडी बाबांकडे रंगवायला आणायच्या आणि आपल्या दारची नाली कधी निळी, कधी जांभळी वाहायची. तेच पाणी मी बी.एस्सी.च्या प्रकल्पाला घेतलं. त्यात एक पांढरी पूड टाकायची. तिच्यावर ऊन पडलं की ती रंगाचे तुकडे तुकडे करते, असं मी तुला समजावत होते. प्रकल्प फसला असता तर माझं एम.एस्सी. बुडालंच असतं. पाणी उन्हात ठेवायला मला घरातल्या दोन्ही पराती हव्या होत्या, तू मात्र त्या धरून बसलीस. "कणिक कायच्यात मळू मंग? तुह्या डोक्यावर?"

दिल्यास शेवटी. दोन्हींत पाणी आणि पूड घालून त्या छपरावर मांडल्या आणि मी कॉलेजात गेले. संध्याकाळी बघते तर एका परातीतला निळेपणा पार गेलेला, दुसरी तशीच निळीशार, वर तुझं जुनं लुगडं. माझं डोकंच फिरलं. "झाकलं काहून वं?" तर तू शांतपणे भाजी निवडतेस. "कुरडया ठेवतो काय आपण उघड्या? कावळा तोंड घालते. लुगडं एकच होतं, नाही तं दोन्ही झाकल्या असत्या." दुसऱ्या दिवशी सकाळीच प्रकल्पाची परीक्षा होती, नवं काही करायला वेळ नव्हता. मी रागारागात दोन्हीकडचं पाणी बाटल्यांत भरलं.

परीक्षा घ्यायला बाहेरून आलेल्या सरांनी नेमकं विचारलं, "रंग उन्हानंच गेला कशावरून? पुडीनं शोषून घेतला असेल."  मी हळूच दुसरी, निळीच राहिलेली बाटली पुढे सरकवली. तेच पाणी, तीच पूड, फक्त ऊन नाही. सर खूश झाले. "एक झाकून ठेवायचं कुणाला सुचलं?"

"आईला," म्हटलं.

एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला तेव्हा तू गल्लीभर पेढे वाटत सांगत सुटलीस, "अर्धे मार्क माह्ये हायेत." बाबा म्हणाले, "बाकीचे माह्या नालीचे." माझ्या वाट्याला काहीच उरलं नाही, आणि तेवढा आनंद मला नंतर कशानंच झाला नाही.

तुझ्या वर्षश्राद्धाला सगळे डोळे पुसत होते, तेव्हा मला हेच आठवलं आणि फिसकन हसू आलं. मावशीनं डोळे वटारले. ठसका लागला, असं सांगून मी पाणी प्यायले. हे पत्र आता पाठवू तरी कुठं, पण तुला खरं सांगते, ठसका नव्हता.