एक हात जास्त

सोमवार, ९ डिसेंबर

नंदुरबारला उतरले आणि रिक्षातच शिंकांनी बेजार झाले. रस्त्याच्या दोन्ही अंगांना मिरची वाळत घातलेली, नजर जाईल तिथपर्यंत लाल. रिक्षावाला हसून म्हणाला, चार दिवसांत नाक सरावेल.

मिरची कांडायच्या कारखान्यात माझं काम सोपं आहे. नव्या यंत्राच्या तोंडाशी प्रकाशकिरणांचा पडदा आहे, सगळे त्याला ‘डोळा’ म्हणतात. आत हात गेला की डोळ्यामागचा प्रोग्रॅम पातं थांबवतो. पापणी लवायच्या आत थांबवलं तर बोटं वाचतात, नाहीतर नाही. त्याला जास्तीत जास्त किती वेळ लागू शकतो, ते मोजून मी सही करायची. शनिवारी यंत्र सुरू होणार.

मुकादम ईश्वरभाऊ भला माणूस. मजुरांना ते ‘हात’च म्हणतात. आज इतके हात आले, उद्या इतके लागतील. निघताना मला बजावलं, “ताई, दुपारले एक हात जास्ती ऱ्हास. तो मोजाना नही.” दुपारचा जास्तीचा, न मोजायचा हात म्हणजे असेल कुणाची फुकट जेवायला येणारी मेहुणी. मी मान डोलावली.

मंगळवार

चिंध्या भरलेला हातमोजा काठीला बांधून दिवसभर यंत्रात खुपसत बसले. यंत्रात मिरची सोडायचं काम सीमाकडे येणार आहे. नवापूरकडची, विशीतली, बडबडी पोर. मला विचारते, एवढं शिकून ताई बाहुलीचा हात खेळवतात का? वर कळण्याची भाकरी आणि ठेचाही दिला, त्यामुळे माफ.

हजारो वेळा खुपसला. सगळ्यात उशिराचा थांबाही मर्यादेच्या निम्म्यात. शुभस्य शीघ्रम् म्हणून मालकांना आकडा कळवूनही टाकला. सही शनिवारी करीन.

बुधवार

जेवणाच्या सुट्टीत यंत्र रिकामंच चालू ठेवलं होतं. शेडला कुलूप, किल्ली माझ्याकडे. तरी नोंदीत भर दुपारी एक थांबा आहे. ‘हात: १’. उंदीर असेल किंवा डोळ्यावर धूळ बसली असेल. डोळा पुसून घेतला.

गुरुवार

पुन्हा दुपारीच. या वेळी मी तिथेच होते, मोजा आत घातलेला. यंत्राच्या स्क्रीनवर आलं, ‘हात: २’. पातं थांबायला मर्यादेच्या दुप्पट वेळ लागला. मोज्याचा भुगा झाला.

प्रोग्रॅम उघडून पाहिला. तो एकेक हात वेगळा तपासतो. दुसरा आला की तपासणी पुन्हा पहिल्यापासून, तोवर पातं फिरतंच. ही वाट मी मोजलीच नव्हती, कारण माझ्याकडे मोजा एकच होता. इथवर चूक माझी, आणि ती दुरुस्तही होईल. पण दुसरा हात कुणाचा? मला भीती वाटतेय.

शुक्रवार

ईश्वरभाऊंना धरलंच. ते खाली बघत बोलले. मागच्या हंगामात जुन्या यंत्रात मोतीबाईचा हात गेला. मोलगीकडची. ती वाचली. गावी नेऊन मातीत पुरायला हात मागत होती, पण तो सापडलाच नाही. यंत्र बदललं, पातं तेच बसवलंय.

मी म्हटलं, हे आधी का नाही सांगितलं? ते म्हणाले, सोमवारीच सांगितलं होतं.

मालकांना फोन केला, यंत्र सुरू करू नका. ते म्हणाले, आकडा तर तुम्हीच पाठवलाय, सहीचं नंतर बघू. प्रोग्रॅम बदलायला दोन दिवस मागितले. तोवर त्यांनी फोन ठेवला होता.

शनिवार

यंत्र चालू झालं. तोंडाशी सीमा. तिला सांगितलं, तर हसली. मी मुख्य बटणापाशी बसलेय, इथून हलणार नाही.

दुपार होत आली.

‘हात: १’ — तिचाच. मिरची अडकलीये, ती काढतेय —

‘हात: २’ —

बंद केलं. तिला मनगट धरून मागे ओढलं. मिरचीचा लोट तोंडावर आला, डोळे उघडत नाहीत. अंदाजाने लिहितेय. मंगळवारचा आकडा चुकीचा आहे, कुणीही तो वापरू नये —

डाव्या हातात सीमाचा हात घट्ट धरलाय. गार पडलाय. घाबरली असेल, एक अक्षर बोलत नाही. तीही सोडत नाही —

बाहेरच्या नळावरून कुणीतरी हाक मारतंय. ताई, डोळे धुवायला या, मी धुतले —

सीमाचा आवाज —

मग हा —